सर्वोत्तम वेळ

दारव्ह्याच्या मंगल कार्यालयातून
आदल्या दिवशीचं लग्न अजून पुरतं निघालं नव्हतं.
गेटवर थर्माकोलचं ‘वैभवी वेड्स सुमेध’,
त्याच्याच खाली आमचं बॅनर :
व्यावसायिक परिषद, समाजमाध्यमे आणि विपणन.
खुर्च्यांखाली पिवळ्या अक्षता.
नाझनीन म्हणाली, पाय नको देऊ त्यावर.

दिग्रसहून आम्ही अकरा जण आणि भोयर सर,
बी.कॉम. शेवटचं वर्ष, विषय मार्केटिंग.
फी दीडशे, त्यात जेवण.
पुण्याचे तज्ज्ञ नवरानवरीच्या दोन लाल सिंहासनांच्या
मधोमध उभे. बसा म्हटलं तर बसेनात.
कोणत्यात बसायचं ते कळत नसावं.

रीच, म्हणाले. एंगेजमेंट, म्हणाले.
आपला ग्राहक केव्हा जागा असतो, माहीत हवं.
मी वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.
पोस्ट टाकायची सर्वोत्तम वेळ : संध्याकाळी सात ते नऊ.
तेही लिहिलं.

इथे कुणी इन्फ्लुएन्सर आहे का?
सगळ्या माना निकेश बोबडेकडे वळल्या.
अकरा हजार चारशे फॉलोअर्स, एका व्हिडिओवर :
दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, रिव्हर्समध्ये,
जिनिंगच्या फाटकातून एका दमात आत.
माइक त्याच्या हाती आला. स्ट्रॅटेजी काय होती?
“काही नाही सर. मांगून काका ओरडत होते.”
हॉल हसला.
आणि कन्व्हर्जन?
निकेशनं खरंच आठवून पाहिलं.
“एक, सर. वाशिमहून एक माणूस आला मोटरसायकलवर,
ट्रॉली कोणी बनवली ते विचाराले.
आईनं जेवू घातलं. मंग गेला.”
तज्ज्ञ जरा थांबले.
मग पुढची स्लाइड.

जेवणात वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी.
बुंदी कालची आहे, आचल कुमरे म्हणाली,
काल मीच वाढली.

मग सूचना : सगळ्यांनी फोटो टाका, हॅशटॅग विसरू नका.
नेटवर्क फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी.
तिथं दोनशे मुलं हात वर करून उभी,
जणू वरून कोणी काही वाटणार होतं.
माझा फोटो गोल गोल फिरत राहिला.
प्रमाणपत्रावर प्रणोतीची प्रणाली झाली.
पेनानं कर ना, भोयर सर म्हणाले.

काळी-पिवळीत आम्ही बारा आणि कोणाची तरी कोंबडी.
ड्रायव्हरनं आरशातून विचारलं,
“काय शिकले बा पोट्टेहो?”
कोणी बोलेना.
“सात ते नऊ,” नाझनीन म्हणाली शेवटी.
“तवा तं मी जेवतो,” तो म्हणाला,
आणि गिअर टाकला.

या आठवड्यात आमच्या फीडरला लाईन रात्री बाराला.
बाबांचा पाय मुरगळलेला, म्हणून ओलिताला मी.
गव्हाचं तिसरं पाणी. बॅटरी दातात,
एक वाफा भरला की फावड्यानं दुसऱ्याचा दांड फोडायचा.
थंडी अशी की पाणीच काय ते कोमट.
जर्किनच्या खिशात फोन थरथरला :
तुमचा फोटो पोस्ट झाला आहे.
तीन वाजून बारा मिनिटं.
लगेच एक लाईक.
नाव नाही, डीपीत नुसती रिकामी ट्रॉली.
निकेशनं दाखवलेलं खातं, वाशिमचं.

जागे? मी लिहिलं.
ओलीत, तो म्हणाला.
मग मी बांधाच्या दगडावर बसले,
चिखलाच्या बोटांनी एकेक अक्षर पुसत, लिहीत :
घेतली का मग ट्रॉली?

पाहिलं.
टायपिंग. थांबलं. पुन्हा टायपिंग.
मोठं काही लिहीत असावा.
तोवर माझा वाफा फुटला
आणि पाणी धुऱ्यापलीकडं, शेजाऱ्याच्या हरभऱ्यात.